समोरच्यांचं बाक

वॉरोड, मिनेसोटा
मंगळवार, ३ मार्च १९९८

प्रिय लूडी,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. पत्रात आधी हवापाण्याचं लिहायची आपली रीत, म्हणून लिहितो. इथे अजून उणे वीस आहे. तळ्यावरचा बर्फ अडीच फूट जाड, लोक ट्रक घेऊन थेट मासेमारीच्या खोपटांपर्यंत जातात. माझा गुडघा कुरकुरतो. लॉइस बरी आहे. डार्लीनसाठी तिने काहीतरी विणायला घेतलं होतं, ते अर्ध्यावरच ठेवलं. अशा वेळी आईला काय विणून द्यावं हेच तिला कळेना. डार्लीन जेवते का? तू त्याबद्दल काही लिहिलं नाहीस.

कोरीच्या दफनानंतर तुझ्या बहिणीने मला अक्रोड भरलेल्या गोड पावाची गुंडाळी, पोतित्सा, बांधून दिली होती. ती अजून फ्रीजमध्ये तशीच आहे. खाववत नाही आणि टाकवतही नाही. लॉइस म्हणते, "अरे, तुझी आवडती ना ती? लूडीच्या आईच्या हातची खायला तू शाळा बुडवायचास." मी तिला म्हटलं, दात दुखतो.

तू अंगणातली आइस हॉकीची रिंक मोडलीस, फळ्या सौनाच्या न्हाणीघरातल्या शेगडीत घातल्यास, हे मी दोनदा वाचलं. त्या फळ्या ठोकताना मीही हातोडा धरला होता. तुझा कोरी तेव्हा चार वर्षांचा होता आणि खिळ्यांचा डबा घेऊन आपल्या मागे मागे फिरत होता.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. खरं तर येत नाही अजून, आधी माझ्या धंद्याचं, क्लबासाठी पोरं हेरण्याचं, थोडं सांगतो. तू तीस वर्षं मला "फुकटात मॅच बघणारा" म्हणून चिडवत आलास, पण आम्ही नेमकं काय बघतो हे तू कधी विचारलं नाहीस.

अठरा वर्षांखालच्या निवडक पोरांचा संघ कॉलेजच्या संघांशी खेळवतात, तो पोरांनी जिंकावं म्हणून नाही. कॉलेजातली मुलं बावीस-तेवीसची, दाढ्या आलेली, मांड्या ओंडक्यासारख्या. आपल्या वयाच्या पोरांमध्ये कुणीही वाघ असतो. या बाप्यांच्यात सोडल्यावर त्याचं काय होतं, ते बघायला आम्ही जातो. आम्हाला त्याने केलेले गोल नको असतात. आम्हाला त्याने खाल्लेला मार हवा असतो. असं आज पहिल्यांदाच लिहितोय आणि वाचायला बरं वाटत नाही.

आमची आणखी एक रीत आहे. जो पोरगा मनात भरला, त्याच्याकडे बघायचंच नाही. दुसऱ्या क्लबांचे चौदा स्काउट तिथे असतात आणि चौदाही जण पोरांपेक्षा एकमेकांवर जास्त नजर ठेवून असतात. कोण कुणाच्या बापाशी बोलला, कोण कुठल्या बाकाजवळ गेला, सगळ्याची नोंद होते. म्हणून आम्ही ताकाला जाऊन भांडं लपवतो. आणि सगळ्यांत जुनी युक्ती म्हणजे, पोरगा फारच आवडला असेल तर तीनपैकी दुसऱ्या सत्रानंतर टोपी घालून सरळ निघून जायचं. बाकीचे म्हणतात, ऐनार सालमेला गेला, म्हणजे इथे काही नाही. मी या युक्तीवर दोन चांगले खेळाडू मिळवले आहेत. तिचा मला अभिमान होता.

एकतीस जानेवारीला, शनिवारी दुपारी, मॅचच्या आधी कोरी मला रिंकच्या आतल्या बोळात भेटला. पायात स्केट नव्हते, मोजे होते. लांबून हसला आणि "ऐनारकाका!" म्हणाला. माझ्या शेजारी मार्सेल चालत होता, क्वेबेकवाल्या क्लबाचा स्काउट. मी मान खाली घातली आणि पुढे गेलो. कोरीला माहीत होतं असं का करतात, मीच त्याला सांगितलं होतं. तरी त्याचं हसू चेहऱ्यावर राहून गेलेलं मला दिसलं.

मार्सेल म्हणाला, "तुमच्या गावचा ना हा प्रेबिच?"

"गावचा आहे म्हणून काय डोक्यावर घेऊ? मऊ आहे पोरगा. आईचा लाडका."

"मग एवढ्या लांब झक मारायला आलास?"

"गोलकीपर बघायला."

"गोलकीपर!" मार्सेल हसायला लागला. "म्हाताऱ्या, खोटं बोलताना तू कान खाजवतोस, कुणी सांगितलं नाही का तुला?"

लूडी, पोरगा काय खेळला रे पहिल्या सत्रात! मी हे कुणापाशी बोललो नाही, निदान तुला तरी सांगतो. चकती त्याच्याकडे आली की सगळी रिंक हळू व्हायची. तू बचावात असायचास तेव्हा तुझ्याकडे ताकद होती, त्याच्याकडे ताकद आणि शहाणपण दोन्ही होतं. मी वहीत काहीच लिहीत नव्हतो, हात खिशात घालून उभा होतो, म्हणजे कुणाला काही कळू नये. सहा वर्षांत मला एकही नाव घेण्यासारखा पोरगा मिळाला नव्हता. जूनमध्ये माझा करार संपत होता आणि साहेबाने नाताळातच ऐकवलं होतं, "ऐनार, तुझे डोळे थकले." आणि समोर माझ्या दोस्ताचा पोरगा. मला वाटलं, देवाने दोन्ही हातांनी दिलं.

तुझ्या पत्रातला तो प्रश्न तू मला याआधी एकदा विचारलास. चर्चच्या पायऱ्यांवर, शवपेटी खांद्यावर घ्यायच्या आधी. पुढचा डावा कोपरा तू मला दिलास. माझी बाही धरलीस आणि म्हणालास, "ऐनार, तू तिथे होतास. पहिल्यांदा पडला तेव्हा तो ठीक होता ना?" मी म्हटलं, "ठीक होता, लूडी. लगेच उठला." तू मान हलवलीस आणि आपण त्याला उचललं.

लगेच उठला हे खरंच आहे. मी खोटं बोललो नाही. खोटं न बोलताही माणसाला किती फसवता येतं, ते मी त्या पायऱ्यांवर शिकलो.

आता तू लिहितोस की झोप येत नाही. लिहितोस की चूक तुझीच, कारण तूच त्याला शिकवलंस की पडलास तर तीन मोजायच्या आत उठायचं. तसं शिकवलं नसतं तर तो बर्फावर पडून राहिला असता, डॉक्टर आत गेला असता आणि पुढचं टळलं असतं. लूडी, दुःखाने तू एक गोष्ट विसरलास. ते तू नाही शिकवलंस. कोरी तेरा वर्षांचा असताना तुझ्या अंगणातच त्याने मला विचारलं होतं, "काका, वहीत तुम्ही काय लिहिता?" मी मोठ्या ऐटीत सांगितलं, "पोरा, पडणं आम्ही लिहीत नाही. उठणं लिहितो." दुसऱ्या दिवसापासून तू मोजायला लागलास. एक, दोन, तीन. आकडे तुझे होते, अक्कल माझी होती.

आता लिहितोच.

दुसरं सत्र चालू होतं. कोरी चकती आणायला आपल्याच गोलच्या मागे गेला, पाठ मैदानाकडे. त्यांचा एक धिप्पाड गडी लांबून वेग घेऊन आला आणि मागून त्याला रिंकच्या कडेच्या फळीवर आपटून गेला. आवाज मोठा आला, पण आवाजाचं काही नसतं, फळ्या पोकळच असतात. कोरी गुडघ्यांवर गेला आणि दोन मोजेपर्यंत उठला. मी मनात मोजत होतो. कोच ब्रेके पंचावर ओरडत होता, त्याची पाठ बर्फाकडे होती. मार्सेल आणि बाकीचे वहीत डोकं घालून लिहीत होते, "उठला". मग शिट्टी झाली आणि खेळाडू बदलायची वेळ आली. कोरी सावकाश निघाला आणि समोरच्यांच्या बाकाकडे गेला.

कॉलेजवाल्यांच्या बाकाकडे, लूडी. त्याने त्यांच्या दाराच्या कडीला हात घातला. त्यांच्यातल्या एकाने त्याच्या हेल्मेटवर टपली मारली आणि म्हणाला, "इकडे कुठे रे बाळा? तुझी आई तिकडे आहे!" बाकावरचे दोन-चार जण हसले. त्याने कोरीला खांद्याला धरून फिरवलं आणि कोरी आपल्या बाकाकडे गेला.

मी काचेला टेकून कोपऱ्यात उभा होतो. मी ते पाहिलं. तीस वर्षं या धंद्यात आहे, नऊ वर्षं स्वतः खेळलो आहे, स्वतःचं बाक न सापडणं म्हणजे डोक्याला मार, आणि तशा डोक्याला दुसरा साधा धक्काही महागात पडतो, हे मला माहीत आहे. यात समजण्यासारखं अवघड काहीच नव्हतं. त्याच्या बाकापर्यंत पन्नास पावलं होती. ब्रेकेच्या कानात एवढंच सांगायचं होतं: पोराला बसव, डॉक्टरला दाखव.

मी गेलो नाही. त्या बाकाजवळ मी गेलो असतो तर चौदा जणांनी बघितलं असतं. मला तो हवा आहे हे कळलं असतं. आणि डॉक्टर आला असता तर चौदा वह्यांत "डोक्याला मार" असं लिहिलं गेलं असतं, आणि ती खूण जूनमध्ये क्लब पोरं निवडतात तोवर पुसली जात नाही. माझ्या साहेबाने त्याला मग हातही लावला नसता. मी स्वतःला समजावलं की मी कोरीचं भलं करतोय, त्याचं नाव राखतोय. मग म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी बघितलं असेलच. माणूस स्वतःशी किती गोड बोलू शकतो!

सत्र संपलं. मी टोपी घातली, सगळ्यांना दिसेल असा दाराकडे चालत गेलो आणि निघून गेलो. माझी युक्ती. मार्सेल मागून ओरडला, "काय रे, गोलकीपर पण आवडला नाही?"

बाकीचं मी गाडीत रेडिओवर ऐकलं. तिसरं सत्र, चौथं मिनिट. साधा धक्का, सांगणाराच म्हणाला, "यात काही विशेष नव्हतं." मग म्हणाला, "प्रेबिच अजून उठलेला नाही." मी पंचवीस मैल पुढे आलो होतो. गाडी वळवली नाही. पुढच्या पंपावर थांबलो, पेट्रोल भरलं, कॉफी घेतली आणि घरी आलो. सकाळी दुलूथच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तू मला मिठी मारलीस. डार्लीनला म्हणालास, "बघ, ऐनार एवढ्या लांबून धावत आला." तीन दिवसांनी तो गेला, तोवर मी रोज तुझ्या शेजारी बसलो आणि रोज माझं तोंड शिवलेलं होतं.

सतरा तारखेला चौकशी आहे. सगळ्या स्काउटांकडून लेखी मागवलं होतं. मी लिहून दिलं, "दुसऱ्या सत्रात असाधारण काही दिसले नाही." खाली सही केली. आता सगळे मिळून ब्रेकेला लटकवणार, तो बत्तीस वर्षांचा आहे. त्याच्या घराची काच कुणीतरी फोडली म्हणतात. तो पोटतिडकीने सांगतो की मला काही दिसलं नाही, आणि कुणी त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. तो खरं बोलतोय. दिसलं मला होतं.

सोबत माझ्या वहीचं पान आहे. सत्र संपताच, टोपी घालायच्या आधी लिहिलेलं. अक्षर माझंच, तू ओळखशील: "२ रं सत्र. मागून मार. दोन मोजेपर्यंत उठला. उत्तम. समोरच्यांच्या बाकाकडे गेला." क्लबाला पाठवलेल्या अहवालात मी "उत्तम"पर्यंतच उतरवलं. पानाची नक्कल मी ठेवलेली नाही. सतरा तारखेला मी स्वतः जाऊन सगळं सांगणार आहे, पण पान तुझ्या हातात असू दे. उद्या मला धीर झाला नाही तर माझ्यावर अवलंबून राहू नकोस. मला ओळखणारा तू एकटाच होतास आणि तूही चुकलास.

लॉइसला मी हे सगळं काल सांगितलं. ती ऐकून उठली आणि ते अर्धं विणकाम उसवायला बसली.

एवढंच राहिलं. आपण दोघं बचावाला असायचो तेव्हा चकती आणायला गोलच्या मागे नेहमी तू जायचास, पाठ करून. मागून कोण येतंय हे तुला दिसायचं नाही. म्हणून मी ओरडायचो, "मागे!" नऊ वर्षांत मी एकदाही चुकलो नाही. तू म्हणायचास, सगळं गाव बोंबलत असलं तरी मला तुझा एकट्याचा आवाज येतो, म्हणून मी वळून बघत नाही. त्या दिवशी तुझा पोरगा त्याच जागी होता, तशीच पाठ करून, आणि नंतर सत्र संपेपर्यंत तो बाकावर होता. मी काचेपाशी उभा होतो. ओरडलो असतो तर त्याला ऐकू गेलं असतं.

लूडी, तू वळून बघायला हवं होतंस.

क्रमांक चार, तुझ्या डाव्या हाताला असायचा तो,
ऐनार