तिसऱ्या हौदाचं पाणी

सांगली, ता. ११ मार्च १९४६

सिद्धूबांना मधूचा रामराम.

पत्र गावच्या मास्तरांकडून वाचून घ्याल. मास्तर, आपल्यालाही नमस्कार, थोडी तसदी देतो आहे.

महाबळेश्वराकडून हिरड्याच्या गाड्या आल्या. यंदाचा माल किडका आहे. तुम्ही असता तर एक हिरडा फोडून जिभेवर ठेवला असता आणि अर्धी गाडी माघारी धाडली असती. तुमच्या मंडळींचे, बनाबाईंचे, गुडघे कसे आहेत? तुमच्या लेकीची, हरणाबाईची, सोयरीक मोडली असं हौदावरचा भाऊसो म्हणाला. का मोडली, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

माझी बुरशी जोरात आहे. ती तुम्हीच तर दाखवलीत. हिरड्याच्या पाण्यावरचा काळा थर बोटानं बाजूला सारून म्हणाला होतात, "पंत, ही बया कस खाती बगा." हिरड्याचा तुरट कस ती खाते, हे मी बी.एस्सी. झालो तरी मला ठाऊक नव्हतं. आता तिचा गाळून काढलेला अर्क टाकला की आपल्या कातड्याच्या कारखान्यातल्या घाण पाण्याचा तुरटपणा चार दिवसांत जातो. ओढ्याकाठची जनावरं पुन्हा पाणी पितील, अशी आशा आहे. लालासाहेब मालक खूश होते. मला बंगलोरच्या प्रयोगशाळेत पाठवणार होते.

चार वेळा कागद फाडला, सिद्धूबा. किती दिवस इकडचं तिकडचं लिहीत बसणार?

तिसऱ्या हौदातली चाळीस कातडी सडली तेव्हा मालक म्हणाले, सिद्धूनं हिरडा चोरून विकला आणि नुसतं पाणी ओतलं. तुम्ही हौदातला घोट जिभेवर घेतलात आणि म्हणालात, "पानी न्हाई वो पडल्यालं. ह्यातला कस कुनीतरी खाल्लाय." सगळे हसले, आणि त्याच दिवशी तुम्हाला कामावरून काढलं. मी खाली मान घालून उभा होतो. मला त्याच क्षणी कळलं होतं.

मास्तर, इथून पुढचं चावडीवर, चार माणसांत, मोठ्यानं वाचा. सोयरीक मोडणाऱ्यांपैकी कुणी असेल तर त्यालाही बोलावून घ्या.

हिरड्याच्या कसात कातडं कमावतात. कस गेला की कातडं सडतं. मी गोदावरीमावशीकडे राहतो. कातड्याच्या कारखान्यातलं भांडं तिच्या विहिरीवर चालत नाही. म्हणून बुरशीची बरणी मी तिसऱ्या हौदातच विसळली, एकदा नव्हे, आठ दिवस रोज. बुरशीनं कस खाल्ला. सिद्धूबांनी पाणी घातलं नाही, हिरडा विकला नाही. बंगलोरला जायला मिळावं म्हणून मी तोंड शिवून बसलो आणि या माणसाला चोर ठरू दिलं. मला लाज वाटते.

आज सकाळी मालकांना हेच सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हातारा परत येईल का रे?" बंगलोरचं शिफारसपत्र टेबलावर होतं. ते उचलून त्यांनी खणात टाकलं आणि किल्ली फिरवली.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा, सिद्धूबा. मी कोणत्या तोंडानं बोलावू? हा कागद मात्र जपून ठेवा, पुन्हा कुणी तोंड उघडलं तर त्याच्यापुढे धरायला. माझी सही तुम्हाला वाचता येणार नाही, म्हणून शेजारी अंगठाही उठवला आहे.

तुमचा अपराधी,
मधू