लढाईच्या अकरा पुस्तकांच्या वाटपाबाबत

मी, नीलकंठ सखाराम दुधाणे, वय एकाहत्तर, शिक्षण सातवी पास (आठवीत वर्षभर बसलो होतो, पण ते धरू नये), धंदा पुस्तकबांधणी, मूळ राहणार पुणे, सध्या मुक्काम मुलाकडे, एदोगावा, तोक्यो, हा कागद स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या हृदयात जाळी बसवायची आहे. डॉक्टर म्हणतात, भिण्यासारखे काही नाही. मग सात कागदांवर माझ्या सह्या कशाला घेतल्या, असे मी केदारला विचारले. तो म्हणाला, "बाबा, प्रोसीजर असते." म्हणून मीही माझी प्रोसीजर करून ठेवतो. इथे सहीपेक्षा शिक्क्याला मान आहे असे कळल्यामुळे दोन्ही केले आहे.

१. पुण्यातली दीड खोली आणि बँकेत असेल ते केदारचे. यावर भांडायला दुसरे कोणी नाही, त्यामुळे हे कलम लवकर संपले.

२. माझी नात ओवी, वय नऊ, हिच्या शाळेत अमेरिकी अभ्यासक्रम आहे. पोरगी मराठी, राहते जपानात आणि शिकते अमेरिकेने इंग्रजांशी केलेली लढाई. इंग्रजांशी आमचेही थोडे वाजले होते, पण ते अभ्यासक्रमात नाही. त्या जुन्या लढायांवरची पुस्तके घरी वाचून घ्या, असे शाळेने कळवले. केदारने संगणकावर तक्ता केला: वय किती, पाने किती, लोकांनी तारे किती दिले. तक्ता सुरेख होता. त्यातले एकही पुस्तक ओवीने तिसऱ्या पानापुढे नेले नाही.

मग मी आणि ती दर शनिवारी स्टेशनजवळच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊ लागलो. मला इंग्रजी येत नाही. ओवी बापाशी इंग्रजीत बोलते, मैत्रिणींशी जपानीत, आणि माझ्याशी मान हलवून. पण पुस्तकात काय आहे हे मला कळायचे तर तिला मराठीत सांगावेच लागे. ती मधलेच पान उघडून वाची आणि सांगू लागे. सांगता सांगता तिची नजर खेळण्यांच्या फळीकडे गेली, की पुस्तक परत. "आबा, चोत्तो मात्ते," म्हणजे जरा थांबा, असे म्हणून तिने मला सोडून स्वतःच पुढचे पान उलटले, की पुस्तक पिशवीत. अशी वर्षभरात अकरा जमली. ती सर्व ओवीची. नीलिमाने, म्हणजे माझ्या सुनेने, ती दोरीने बांधून कागदाचा कचरा उचलून नेतात त्या दिवशी खाली ठेवू नयेत. तिची दोरी मी पाहिली आहे.

३. मराठी मंडळाचे अध्यक्ष जगदीश यांनी ओवीला वाढदिवसाला दिलेले जाडे, चकचकीत पुस्तक अकरांत धरलेले नाही. त्यात पानोपानी सनावळ्या आहेत आणि सगळ्या सेनापतींना एकच नाक आहे. ते जगदीश यांना परत द्यावे. झोप लागत नाही अशी त्यांची नेहमीची तक्रार असते.

४. अकरांपैकी दोन मी मंडळाच्या मुलांच्या कपाटासाठी देऊ केली होती. एकात कडाक्याच्या थंडीत सैनिकांना बूट नाहीत, ते पायांना चिंध्या गुंडाळतात. ओवी म्हणाली, "आबा, बूटच नाहीत तर घरी जायचं ना?" दुसऱ्यात त्या देशाचे मूळ लोक आहेत. तिथे तिने विचारले, "जमीन आधी यांची होती. मग ते दोघं कशावरून भांडले?" याचे उत्तर केदारच्या तक्त्यात नव्हते.

जगदीश म्हणाले, "काका, हे मुलांच्या वयाचं नाही. आणि तुम्हाला इंग्रजी येत नाही, तुम्ही निवडता कसं?"

मी म्हणालो, "येत नाही म्हणून पोरीला विचारून निवडतो. तुम्हाला येतं, म्हणून तुम्ही विचारत नाही."

नीलिमा घरी म्हणाली, "बाबा, चारचौघांत कशाला वाद?" मंडळाने दोन्ही परत पाठवली आणि सशांचे पुस्तक घेतले. त्यात ससे लाल-निळे कोट घालून लढतात. आठ वर्षे लढाई चालते, कोणाला खरचटत नाही, शेवटी सगळे गाजर खातात.

५. कबुली. सशांच्या पुस्तकाची शिवण महिन्यात उसवली आणि ते माझ्याकडेच दुरुस्तीला आले. त्याचा आणि बुटांच्या पुस्तकाचा आकार एकच निघाला, हा माझा दोष नाही. मंडळाच्या कपाटातल्या त्या पुठ्ठ्यांत पहिली पाच पाने ससे आहेत. पुढे हिवाळा आहे. उरलेले ससे माझ्या गादीखाली आहेत. त्यामुळे घरात अकरांऐवजी दहाच सापडतील, शोधत बसू नये.

चार महिन्यांत एकोणीस मुलांनी ते नेले. जगदीश सभेत म्हणाले, "बघा काका, योग्य वयाचं असलं की मुलं वाचतात." मी टाळ्या वाजवल्या. एकाही आईबापाची तक्रार आली नाही. किती आईबाप सहाव्या पानापर्यंत जातात, ते त्यावरून समजले. पुस्तक आहे तिथेच राहावे. बांधणी पक्की आहे, वीस वर्षे हलणार नाही.

६. माझे दाभण, टोच्या आणि खळीचे भांडे नीलिमाला. खळीचा वास तिला सहन होत नाही, पण घरातली तुटलेली वस्तू न टाकता जोडणारी तीच एक आहे. दोरीबद्दल वर जे लिहिले ते रागात लिहिले. खोडत मात्र नाही, कारण खाडाखोड केली तर कागद बाद होतो म्हणतात.

७. आता ज्यासाठी हे सगळे लिहिले ते. गुरुवारी मी परत आलो नाही, तर ओवीला पुस्तकांची वाण नाही. पण ती मराठीत सांगणार कोणाला? या घरात इंग्रजी न येणारा मी एकटाच आहे. केदार, तू शेजारी बसलास की ती इंग्रजीत वाचते, तुला कळते, विषय संपतो. वर तू तिचे उच्चार सुधारतोस.

म्हणून माझी शनिवारची जागा आणि माझे अज्ञान, दोन्ही मी तुला देत आहे. त्या एका तासात तुला इंग्रजी येत नाही. "म्हणजे काय?" एवढेच विचारायचे. तिला 'किल्ला' आठवला नाही तर आपण सांगायचा नाही. ती म्हणेल, दगडांचं मोठ्ठं घर, आत सैनिक. चालेल. तुझ्या इंग्रजीसाठी मी तीस वर्षे दुसऱ्यांची पुस्तके शिवली, तेव्हा ती आठवड्यातून तासभर बाजूला ठेवायला सांगण्याचा हक्क मला आहे. जड जाईल. खोली नको असेल तर सोड, हे कलम सोडता येणार नाही.

वरील सर्व मी कोणाच्या दबावाखाली नव्हे, फक्त काळजीपोटी लिहिले आहे.

साक्षीदार: सुप्रभा, वरच्या मजल्यावर राहणाऱ्या. यांचा मुलगा सशांच्या पुस्तकाचा वाचक असल्यामुळे सही घेताना कलम पाच घडीखाली झाकले होते.
साक्षीदार: धीरज, केदारचे ऑफिसातले सहकारी. यांनी न वाचताच सही केली.

सही व शिक्का: नीलकंठ सखाराम दुधाणे
एदोगावा, तोक्यो. रविवार, १० नोव्हेंबर २०२४

(खाली वेगळ्या अक्षरात)
कलम सात वाचले. मला इंग्रजी येत नाही.
– केदार