मायामावशीचं मत

अमरावती
२१ जुलै २०२४

तीर्थरूप मायामावशीस,
प्रणालीचा सविनय जयभीम. वि. वि.

पाकीट पाहून घाबरू नकोस, इकडे सगळे ठीक आहेत. फोन लावला की तुझा स्पीकर चालू आणि किशोरकाका शेजारी. जे विचारायचं आहे ते त्यांच्यासमोर विचारायची माझी छाती नाही, म्हणून कागद घेतला.

एलएल.एम.च्या प्रबंधाला मी विषय घेतलाय : फाशीची शिक्षा असावी की नसावी. आईला कळलं तेव्हा ती भडकलीच. म्हणाली, तुले दुसरा विषय नाई भेटला का, मायाचं दुःख कावून उकरून राह्यली? उकरत नाही गं. माझंच डोकं चालेनासं झालंय. फाशीविरुद्धचं वाचते तेव्हा सगळं पटतं. मग आपला अश्विन आठवतो, आणि त्याला मारणारा जिवंत आहे या विचाराने अंगाची आग होते. सर वैतागून म्हणाले, पोरी, तुझी बाजू कोणती ते तरी ठरव. मला ठरवता आली नाही.

ज्यांच्या घरचं माणूस मारलं गेलं त्यांच्यावर एक प्रकरण आहे. त्यांच्या नावाने सगळे बोलतात, त्यांना विचारत कोणी नाही. तुला काय वाटतं, मावशी? नको वाटलं तर हे पत्र फाडून टाक, पण माझ्यावर रुसू नकोस.

तुझीच,
प्रणाली


अकोला
४ ऑगस्ट

चि. प्रणालीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर अजून कोंबडीचे पायच. वकील झालीस तर जजसाहेबांना आधी चष्मा बदलावा लागेल.

पत्र फाडलं नाही. सहा वर्षांत लोक माझा हात धरून रडले, मला बळेबळे जेवायला घातलं, पण बाई, तुला काय पाहिजे, असं कोणी विचारलं नाही. तर लिहून घे. मला धर्मेंद्र फासावर पाहिजे. आमच्याच गल्लीतला पोरगा तो. अश्विन त्याला दादा म्हणायचा, तो मला मावशी म्हणायचा. त्याने खंडणीच्या पैशासाठी माझ्या सात वर्षांच्या लेकराला सायकलवर बसवून नेलं आणि विहिरीत टाकलं. इथल्या कोर्टाने फाशी दिली, आता नागपूरला हायकोर्टात ती कायम व्हायची आहे. मी रोज सकाळी बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावते आणि म्हणते, बाबा, तुमच्या कायद्याने त्याला लटकवा. काकांना हे ठाऊक नाही.

एक गोष्ट मात्र माझी मलाच समजत नाही. त्याची आई पार्बताबाई पौर्णिमेला विहारात येते. तिच्याजवळ कोणी बसत नाही. मागच्या खेपेला दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून मी बसले. वंदना म्हणता म्हणता तिचा आवाज अडकला, तर तिची ओळ मी म्हणून दिली. घरी आले आणि माझाच मला इतका राग आला की भाजी करपली. आता हे तू कोणत्या बाजूला लिहिशील?

एवढी पुस्तकं चाळतेस, तर बाबासाहेब फाशीबद्दल काय म्हणाले ते शोधून धाड. जरा वळणदार अक्षरात लिही. फोटोखाली लावायचं मनात आहे.

काकांचा गुडघा दुखतोच आहे आणि ते ऐकत नाहीतच. तुझ्या आईला म्हणावं, माझ्या भाचीवर ओरडू नको.

तुझी
मावशी


अमरावती
१८ ऑगस्ट

तीर्थरूप मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

तू मागितलंस ते मला आधीपासून माहीत होतं. कसं लिहू, यातच इतके दिवस गेले. खोटं लिहावं, नाहीतर सापडलं नाही म्हणावं, असंही मनात आलं. पण तू ते फोटोखाली लावणार होतीस.

घटना समितीत बाबासाहेबांनी फाशीची शिक्षाच काढून टाकावी असं म्हटलं होतं. आपल्या लोकांना अहिंसेचं तत्त्व मान्य आहे, सगळ्यांच्या हातून ते पाळलं जात नसलं तरी मान्य आहे, आणि म्हणून या देशाने ही शिक्षा ठेवू नये, असा त्यांच्या म्हणण्याचा अर्थ.

मावशी, हे वाचलं तेव्हा मला अभिमान वाटला आणि लगेच तू आठवलीस. मग अभिमानाचीच लाज वाटली. तू मागितलेला न्याय चुकीचा आहे असं मला म्हणायचं नाही. बरोबर आहे असंही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. मला शिव्या दे, पण उत्तर दे.

प्रणाली


अकोला
२६ ऑगस्ट

प्रणालीस,

पत्र मिळालं. आज मेणबत्ती लावली नाही. तुझं प्रकरण तुझ्यापाशी ठेव. सध्या लिहू नकोस.

माया


अकोला
२० ऑक्टोबर

चि. प्रणालीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

रागावले होते. तुझ्यावर थोडी, बाबांवर फार. बापावर रागवावं तशी. फोटोकडे पाठ करून स्वयंपाक करायची. वाटायचं, यांनी कायदा पार्बताबाईच्या पोरासाठी लिहिला की माझ्या? अजूनही मला ते पटलेलं नाही, असंच लिही.

मधे विहारात पार्बताबाई भेटली. नागपूरला जेलात मुलाखतीला निघाली होती. माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे, मी म्हटलं, त्याले विचार, माहा अश्विन शेवटी काय बोलला? मले बोलावत होता का? कोर्टात सायकल निघाली, विहीर निघाली, डॉक्टर आले, साक्षीदार आले. हे कोणीच विचारलं नव्हतं. माझ्याही मनात कधी आलं नव्हतं.

ती परत आली ती थेट आमच्या दारात. म्हणाली, तो खाली मान घालून लय रडला, म्हणे फक्त मावशीलेच सांगीन. काका ओरडले, नाटक करून राह्यला तो, जीव वाचवाले! असेल. मलाही तसंच वाटतं. पण तेव्हापासून जेवण जात नाही.

आणि काल कळलं की हायकोर्टात तारीख लागली. शेजारणी म्हणाल्या, चला, सुटलीस एकदाची. आणि मी घाबरले गं. तो गेला तर माझ्या लेकराचं शेवटचं बोलणं त्याच्याबरोबर जाईल. ते दुसऱ्या कोणाजवळच नाही.

तेव्हा माझं मत बदलून लिही. मला सांगेपर्यंत धर्मेंद्र जगला पाहिजे. त्यानंतरचं विचारू नकोस, मला माहीत नाही.

जेलात भेटायची परवानगी कशी काढतात ते बघ. मी अकोल्याहून नागपूरच्या गाडीत बसेन, तू बडनेऱ्याला त्याच गाडीत चढ. काका येणार नाहीत. त्याने खरं सांगितलं तर ते मला एकटीला ऐकवणार नाही, आणि खोटं सांगितलं तर ते मला ओळखता येणार नाही.

तुझी वाट पाहणारी
मावशी