गाडीमागची अक्षरं

बुधवार, संध्याकाळ

कारखाना यंदा उसाअभावी बंद. उद्या पाटोद्याच्या चारा छावणीवर जायचंय, आणि गाडीमागचं 'संचालक' वाचून लोक घेरतील, म्हणून ती अक्षरं आज काढली. बायकोला म्हटलं, जुनी दिसतात. ती म्हणाली, "जुनी झाली का जड झाली?"

शब्बीर मिस्त्रीनं फोनवर सांगितलं होतं, "पेचकस लावू नका, रंग जाईल. कढत पाणी सोडा, गोंद सुटंल, मग मागून दोरा फिरवा." तसंच केलं. अक्षरं अलगद हातात आली. निवडून आलो त्या दिवशी गुलालाच्या हातानं मीच चिकटवली होती ती.

पाणी बंपरवरून गळत होतं. शेजारची कौसाबाई टँकरची वाट बघत रस्त्याकडेला बसली होती. ती उठली आणि घागर बंपरखाली सरकवली. "म्हशीला चालंल," एवढंच बोलली. आमच्या बोअरला अजून पाणी आहे. एक बादली भरून द्यायचं का सुचू नये मला? मी आपला दोरा ओढत राहिलो.

रंगावर ओरखडा नाही. पण बाकी गाडी उन्हानं फिकी पडलीय आणि अक्षरांखालचा रंग तसाच ताजा, त्यामुळं 'संचालक' अजून लांबून वाचता येतं. त्याचंही काही नाही. डोक्यातून जात नाही ती घागर. अर्धीसुद्धा भरली नव्हती.

ती उचलताना कौसाबाईनं विचारलं, "साहेब, अजून लई धुवायचं हाय का?"

मी न्हाई म्हणालो, तर तिचं तोंड उतरलं.