मॉरीनच्या ग्रीनहाउसमधली अंबाडी

६ ऑगस्ट २००६, रविवार
अंबाडी! साउथहॅम्प्टनमध्ये! शेजारची मॉरीन आजारी नवऱ्याला घेऊन बहिणीकडे गेलीय, ग्रीनहाउसची किल्ली माझ्याकडे. टोमॅटोंच्या मागे उंच झाडं — तीच पंजासारखी पानं! जाताना म्हणाली होती, "मागच्यांची खालची बारीक फूट खुडून टाक, लव्ह. वरच्या कळ्यांना जोर येतो." खुडली. एवढा पाला टाकवेना, घरी आणला. उद्या भाजी, वरून लसणाची फोडणी. ह्यांना आधी सांगणारच नाही!

७ ऑगस्ट
हे हॉस्पिटलातून आले आणि सिंकमधला पाला बघून कोटासकट उभेच राहिले.
"वैजू, हे कुठून आणलंस?"
"अंबाडी आहे, मॉरीनकडची —"
"अंबाडी कसली? गांजा आहे हा!"
मी धावत जाऊन गॅस बंद केला. कढईत तेल तापलेलं! ह्यांनीच सगळं काळ्या पिशवीत कोंबलं. "माझं डॉक्टरकीचं रजिस्ट्रेशन जाईल, कळतंय का? परत तिकडे पाऊल टाकायचं नाही."

८ ऑगस्ट
रस्त्यावरून पोलिसांची गाडी गेली. खिडकीचे पडदे ओढून घेतले.

१३ ऑगस्ट
मॉरीन परतली. भांडायलाच गेले. वाटलं, नाकबूल करेल. छे! सरळ नवऱ्याकडे, डेरेककडे बोट दाखवलं. एकेकाळी बंदरात क्रेन चालवणारा धिप्पाड माणूस, एमएसने, मज्जातंतूंच्या त्या आजाराने, खुर्चीत खिळलाय. "गोळ्यांनी नुसता गुंगतो, लव्ह. ह्याने पाय तरी सुटतात." बोलता बोलता त्याचे पाय आखडलेच. काय ओरडला! दोघींनी मिळून पाय धरले. भांडण राहूनच गेलं.

२० ऑगस्ट
मॉरीनची बोटं संधिवाताने सुजलीत, कात्री धरवत नाही. मी गेले. खुडलं. आता माहीत असून! वास साबणाने जाईना. जेवताना हे माझ्या हातांकडे बघत होते.

२४ ऑगस्ट
पोलीस! झाडं मुळासकट उपटून नेली, मॉरीनलाही. मी कुंपणापाशी थिजलेली. "मदतीला कोण होतं?" पोलिसाने विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणी नाही. मी एकटी."

२४ ऑगस्ट, संध्याकाळ
पोलिसांना फोन ह्यांनी केला होता! मी डेरेकसाठी डबा भरत होते, तेव्हा ह्यांनी स्वतःच सांगितलं.
"मी त्यात आहे हे माहीत असून?"
"माहीत होतं, म्हणूनच. तू आणखी अडकायच्या आत थांबवायचं होतं."
मी डबा घेऊन निघाले. मॉरीनला अजून सोडलेलं नाही. ही ओळ तिच्या किचनमध्ये बसून लिहितेय. आज घरी जाणार नाही.