पाठीला पाठ लावून

३ जून

चि. भिंगरीस,
आजीचे आशीर्वाद, शिल्लक आहेत तेवढे सगळे.

याही खेपेला पत्रच लिहिण्यास कारण की, फोनवर तुझा आवाज मला डब्यात कोंडलेल्या माशीसारखा येतो. परवा तू काय बोलत होतीस ते न कळताच मी मेली हो हो करत बसले. अशाने उद्या तू माझ्याकडून काहीही कबूल करून घेशील. त्यापेक्षा पत्र बरं. त्याला कानात ओरडावं लागत नाही.

अक्षर नेहमीचंच. मला अक्षरओळख नाही, म्हणून मी सांगते आणि तुझा बाप लिहितो, तुझं पत्र आलं की वाचूनही तोच दाखवतो. तू विमा कचेरीतली नोकरी सोडलीस तेव्हापासून त्याने तुझ्याशी बोलणं टाकलंय. पण आईच्या सांगण्यावरून लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, असं त्याचं म्हणणं. नियमाचा माणूस. जन्मभर लोकांच्या लिफ्ट तपासल्या आणि आता स्वतःच दोन मजल्यांच्या मध्ये अडकून बसलाय, वरही जात नाही आणि खालीही येत नाही. (इथे त्याने पेन थांबवलं. मी म्हटलं, लिही मुकाट्याने. लिहितोय.)

शेजारच्या नर्सबाई विचारतात, नात काय करते. मी सांगते, मोबाइलवरचे खेळ बनवते. त्या म्हणतात, अय्या, आणि मग तुझं शिक्षण किती झालं ते विचारतात. माझं ठरलंय, पुढच्या वेळी तू बालवाडीत शिकवतेस म्हणून सांगायचं. खेळ तो खेळच, आणि बालवाडीला निदान सुट्ट्या तरी असतात.

आता कामाचं. तुम्हा दोघांमधलं पोस्ट मी आणखी फार काळ चालवणार नाही. माझी तब्येत ठणठणीत आहे, घाबरू नकोस. पण उद्या मी नसले, तर हा तुला पत्र कोणाच्या नावाने लिहील आणि तू कोणाच्या नावाने पाठवशील? दोघंही माझ्या आडून एकमेकांची चाहूल घेत बसलाय. माझी अंगकाठी ती केवढी, तिच्याआड दोन थोराड माणसं किती दिवस लपणार?

त्या खेळाचं नीट समजावून लिही. कळावे. लोभ आहेच, वाढवलास तर ठेवायला जागा आहे.
तुझी आजी

१२ जून

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. (कमरेत उसण भरलीय, तेव्हा साष्टांगातली जी अंगं वाकतात तेवढ्यांचाच नमस्कार.)

खेळ असा आहे. एक जुनी, लिफ्टवाली इमारत. खेळायला दोन माणसं लागतात. एकाच्या पडद्यावर ती चाळीस वर्षांपूर्वीची दिसते, दुसऱ्याच्या पडद्यावर आजची. जुन्या काळात एक बाप आहे, तिथली लिफ्ट चालवणारा. आजच्या काळात त्याची मुलगी आहे, हरवलेल्या बापाचा माग काढत आलेली. बापाने तेव्हा खिडकी उघडी ठेवली, तर आज तिथून वेल आत आलेली असते आणि मुलीला तिला धरून वर चढता येतं. एकमेकांचा पडदा बघायचा नाही. पाठीला पाठ लावून बसायचं आणि आपल्याला जे दिसतं, वाचता येतं, ते तोंडाने दुसऱ्याला सांगायचं. सांगितलं नाही, तर खेळ पुढे सरकत नाही.

आमच्या मुख्य साहेबांना आम्ही 'दूरदृष्टी' म्हणतो, कारण प्रत्येक बैठकीत ते हा शब्द वापरतात आणि प्रत्येक बैठकीत चष्मा विसरून येतात. पात्रांना आवाज देण्यासाठी ठेवलेल्या रकमेतून त्यांनी कर्मचाऱ्यांच्या कल्पनाशक्तीसाठी झोपाळे बसवले. त्यामुळे आमची पात्रं मुकी आहेत आणि आम्ही झुलतो. पात्रांचं बोलणं अक्षरांत उमटतं, तेही फक्त जुन्या काळाच्या पडद्यावर.

आता साहेबांना चाचणीसाठी असा खेळ जन्मात न खेळलेली दोन माणसं हवी आहेत. मी आपलं घर सुचवलंय. दोन टॅब पाठवतेय. तू आजचा काळ घे, त्यात वाचायचं काही नाही, नुसतं बघून बोट लावायचं. जुना काळ कोणी घ्यायचा ते घरात ठरवा. अर्थात, घरात आहेच कोण!

बाबांचा गुडघा कसा आहे? लिफ्टच्या यंत्राच्या खोलीपर्यंत अजून जिने चढत जातात का? आणि त्यांना सांग, नोकरी मी त्यांना खिजवायला सोडली नव्हती. तिथे मी दिवसभर लोकांच्या अपघातांवर 'पात्र' आणि 'अपात्र' असे शिक्के मारायचे आणि घरी येऊन जेवायला बसायचे. शेवटी शेवटी जेवण जाईना. हे मला त्यांना सांगायचं होतं, पण त्या दिवशी आम्ही दोघंही एकदमच बोलायला लागलो आणि कोणीच थांबलं नाही.

लोभ असावा, आणि चाचणी संपल्यावरही तो टिकावा.
तुझी भिंगरी

२५ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. हे खेळून दमलेल्या बाईचे आहेत, सांभाळून घे.

टॅब मिळाले. पुढच्या खोलीत दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून मांडल्यात. आल्यागेल्याला वाटतं घरात भांडण झालंय. जुना काळ तुझ्या बापाने घेतला. आधी म्हणाला, मला असल्या पोरखेळात रस नाही. मग जेवण झाल्यावर टॅब पुसून, चष्मा पुसून, खुर्चीत बसून वाट बघत होता. मी मुद्दाम भांडी सावकाश आवरली.

खेळ सुरू झाला आणि याने लिफ्टच बंद पाडली. म्हणे मजला येण्याआधी दार उघडतं, अशी लिफ्ट चालवू देता येत नाही. मी म्हटलं, अरे, ती चित्रातली आहे. म्हणाला, चित्रातली झाली तरी माणसं चढतात ना. मग तिथल्या खोल्यांमधून 'बंद आहे' अशी पाटी शोधत हिंडला. माझी पोरगी आपली चाळीस वर्षांनंतरच्या अंधारात ताटकळत उभी, हातात ना पिशवी, ना पाण्याची बाटली. बापाला शोधायला निघालेली मुलगी अशी रिकाम्या हाताने घरातून निघते का गं?

आणि ती म्हातारी! झुलत्या खुर्चीत बसवलीयस ती. नाक माझं दिलंयस, त्याबद्दल तक्रार नाही, चांगल्या जागी लागलं. चाळीस वर्षांपूर्वीही ती म्हातारी आहे आणि आजही तेवढीच म्हातारी आहे, तेव्हा कुठलं औषध घेते ते विचारून ठेव. पण कोड्यात का बोलते? लिफ्टवाला सरळ विचारतो की गच्चीची किल्ली कुठे आहे, तर म्हणते, जिथे सावली उजेडाला भेटते तिथे. हे तुझ्या बापाने हसत हसत, तोंडभर वाचून दाखवलं, दोनदा. अगं, किल्ली खिळ्याला टांगलेली होती. खिळ्याला आहे म्हणायला काय जातं? मी आयुष्यात कोणाला कोड्यात उत्तर दिलंय? लोकांची तक्रार नेमकी उलटी असते.

आता मात्र आम्ही पुरते अडकलोय. माझ्या पोरगीसमोर लाल, निळा, हिरवा, पिवळा असे दिवे आहेत. त्यातला कोणता तरी लावायचा म्हणजे दार उघडेल. चुकीचा लावला की ती मान हलवते आणि सगळे जिने उतरून खाली जाते. गुडघे चांगले आहेत तिचे. मी याला विचारते, तुझा लिफ्टवाला काय म्हणतोय? हा सांगतो, वर जा म्हणतोय. मी म्हणते, आणखी काही? हा म्हणतो, एवढंच. बाप म्हणून अगदीच तुसडा काढलायस.

रोज संध्याकाळी बसतो, रोज अडकतो. कोणता दिवा ते कळव. कळावे. लोभ असू दे, बुद्धी तिकडे जास्त असेल तर थोडी पाठव.
तुझी आजी

५ जुलै

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि. (उसण गेली. हा पूर्ण नमस्कार.)

तुम्ही कुठे अडकलात ते इथे आमच्या पडद्यावर रोज दिसतं. दिव्यांपाशी आजवर कोणीच अडकलं नव्हतं. जागा फार सोपी आहे म्हणून साहेब ती काढूनच टाकणार होते. आता ते भलतेच खूश आहेत. काल सगळ्यांना जमवून म्हणाले की अखेर आपला खेळ अवघड झाला, आणि तुमची आकडेवारी भिंतीवर लावली. तुम्ही दोघं आमच्याकडे आता फार गाजताय.

म्हातारीबद्दल मी त्यांच्याशी भांडले. ते म्हणतात, सरळ उत्तर देणारी आजी बाजारात चालत नाही.

मागच्या पत्रात जे विचारलं होतं आणि जे सांगितलं होतं, त्यावर एका शब्दाचंही उत्तर आलं नाही. आधी वाईट वाटलं. मग तुमचा खेळ पुन्हा पाहिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आता लिहिण्यात अर्थ नाही, म्हणून सोबत एक चित्र काढून पाठवतेय. ते तुझं आहे. कोणाला वाचून दाखवायला सांगू नकोस, नुसतं बघ.

लोभ करावा, पण मधल्या मध्ये सांडू देऊ नये.
तुझी भिंगरी

१६ जुलै

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज अक्षर वेगळं दिसेल. आज नर्सबाई लिहितायत. त्यांना रुग्णाच्या उशाशी उभ्याने लिहायची सवय, म्हणून ओळी थोड्या धावतील.

चित्र मिळालं. एक माणूस कागद वाचतोय, एक हात स्वतःच्याच तोंडावर, आणि त्याच्या बोटांमधून शब्द गळून पायाशी ढीग झालाय. समोर माझ्या नाकाची बाई कानाला हात लावून बसलीय. मी चित्र बघितलं, मग तुझ्या बापाकडे बघितलं. तो उठला आणि फ्रिजचं दार नीट लागतं का ते तपासायला लागला.

मी त्याच पावली नर्सबाईंना बोलावलं आणि तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचायला लावली. काय काय निघालं गं त्यातून! गुडघा निघाला. नोकरीचे शिक्के निघाले. तुझं जेवण जात नव्हतं ते निघालं. त्याआधीच्या पत्रांतही जिथे जिथे बापाची चौकशी, तिथे तिथे या गृहस्थाने गिळून टाकलंय. मला वाचून काय दाखवायचा, तर तुमच्याकडचं पाऊसपाणी आणि साहेबांचा चष्मा. आणि मी इथे महिनोन् महिने समजून की पोरगी दगडाची झालीय.

मी सांगितलेलंही त्याने असंच चाळलं. तू बापाची साधी चौकशीही करत नाहीस म्हणून मी गेल्या पत्रात तुला चांगलंच झापलं होतं. ते त्याने लिहिलंच नाही, तेवढं एक बरं केलं. पण मी हेही सांगितलं होतं की बातम्यांत तो आधी तुझ्या शहराचं हवामान ऐकतो आणि मग आपल्याकडचं. कामावरच्या माणसांना मोबाइलवर तुमच्या खेळाची जाहिरात दाखवत हिंडतो. तुझ्या खोलीतलं घड्याळ बंद पडू देत नाही. यातलं काही पोचलं का तुला? मग मी इतके दिवस काय भिंतीला सांगत होते?

नर्सबाई गेल्यावर त्याला समोर बसवून विचारलं. त्याने आधी चष्मा पुसला. मग म्हणाला, आई, तिने माझ्याबद्दल लिहिलेलं मीच मोठ्याने कसं वाचू? आणि वाचलं की तू उत्तर सांगणार, ते मलाच माझ्या हाताने लिहावं लागणार. त्यापेक्षा पाऊस बरा. आता अशा माणसावर ओरडायचं तरी कसं? तरी ओरडले थोडी, सवय राहावी म्हणून.

मग खुर्च्या पुन्हा पाठीला पाठ लावल्या. मी म्हटलं, तो लिफ्टवाला काय म्हणतो ते आता सगळं वाच, पूर्णविरामासकट. दोनदा खाकरला. तिसऱ्या खेपेला वाचलं. वर जा, तू गेलीस की मला इथे करमत नाही, तू येशील म्हणून निळा दिवा मी जळता ठेवतो. एवढंसं वाक्य, पण त्याच्या पाठीची थरथर माझ्या पाठीला लागत होती. मी निळा दिवा लावला. दार उघडलं. लिफ्ट मजल्याला टेकायच्या आधीच ते उघडलं, पण तपासनीस काही बोलला नाही.

यापुढे तुम्हा दोघांची टपाल कचेरी मी बंद केली, असं त्याला सांगितलं. तर विचारतो कसा, मी सांगतो आणि नर्सबाई लिहितील का? मी म्हटलं, हात आहेत ना तुला?

आज जेवण झाल्यापासून टेबलाशी बसून होता. सुरुवात कशी करायची म्हणून मला विचारायला आला. मी म्हटलं, मी अडाणी बाई, मला काय विचारतोस? कागद फाडले, पुन्हा घेतले, मधेच उठून पाणी प्यायला, पुन्हा बसला. शेवटी पत्र घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, वाचून दाखवू का?

तुला ठाऊक आहे, शेजारी भांडण लागलं तर नीट ऐकू यावं म्हणून मी पंखा बंद करते. पण आज मी नको म्हटलं. माझं तोंड किती आंबट झालं असेल याची कल्पना कर. नर्सबाईंनाही धक्का बसला. त्यांनी माझी नाडी बघितली.

त्याने ते पाकिटात घातलं, चिकटवलं आणि स्वतःच टाकायला गेला. त्यात काय आहे ते मला माहीत नाही, आणि तू मला सांगू नयेस. माझ्या पत्रांना त्याने कधी कागदाची मागची बाजू लागू दिली नाही, आई, आटप, असं चाललेलं असायचं. पण तुझं पाकीट, मी हातात घेऊन बघितलं, चांगलं जाड होतं.

कळावे. लोभ आता थेट तिकडेच पाठवत जा.
तुझी आजी