नखाखालचं रक्त

३ नोव्हेंबर २००१, शिरूर
पुण्यातली नोकरी संपली, पण हातपाय थकलेले नाहीत. या नव्या खासगी दवाखान्यात मेट्रन म्हणून रुजू झाले. खोली हवेशीर, चहा कडक, नर्स मुली आळशी. लगेच धडा दिला: रुग्णाचं नख दाबा, पांढरं होऊ द्या, सोडा. दोन सेकंदांत लाली परतली पाहिजे. रक्तदाब दाखवणारं कोरं मशीनही आहे. फार आवडलं.

७ नोव्हेंबर
न्हावऱ्याची चांगुणा दाखल. आठवड्यापूर्वी ऊस तोडताना पायाला कोयता लागला. जखम चिघळून विष रक्तात भिनलं, रक्तदाब कोसळला. डॉक्टरांनी तो चढवणारं औषध सुरू केलं. बजावलं की याने शिरा आवळतात. आकडा चढतो, पण बोटांच्या टोकांतल्या केसासारख्या वाहिन्या उपाशी राहू शकतात. दर तासाला नख दाबून नोंद करा, बोटं गार पडली तर तत्काळ कळवा.

दुपारी आकडा १२०. तिची आई धुरपदा म्हणाली, "बाई, पोरीची बोटं बर्फावानी गार पडल्यात. हात लावून तरी बगा."

मेट्रन तू की मी, असं विचारून तिला बाहेर काढलं. हात न लावताच तक्त्यावर लिहिलं: बोटं गरम, दोन सेकंद. संध्याकाळपर्यंत तेच लिहीत राहिले.

९ नोव्हेंबर
चांगुणाची बोटं काळी पडली. सकाळी ती गेली. जाण्याआधी त्याच बोटांनी तिनं माझ्या करंगळीचं नख दाबलं. म्हणाली, माजं न्हाई बघितलं, आता तुमचं मी बघते.

धुरपदा रडली नाही. माझे हात न्याहाळत राहिली.

११ नोव्हेंबर
करंगळी पांढरी. थंडी असेल.

१२ नोव्हेंबर
जेवताना कोणीतरी दुसरं नख दाबलं. समोर कोणी नव्हतं. लाली परतली नाही.

१४ नोव्हेंबर
उजवा हात काळा— डॉक्टरांनी रक्तदाब घेतला. १२०. आकडा उत्तम आहे म्हणाले. हात लावून बघा म्हटलं— ते मशीनकडेच बघत होते. खाटेला माझ्या नावाचा तक्ता. प्रत्येक तासाला, माझ्याच अक्षरात: बोटं गरम, दोन सेकंद.

१५ नोव्हेंबर
डाव्या हातानं लिहिते. त्याचीही दोनच बोटं उरली. खरं लिहून ठेवते, म्हणजे ती सोडेल—

चांगुणाचं नख मी एकदाही— बोटं गरम, दोन सेकंद.

हे नाही लिहायचं मला. मी तक्ता खोटा— बोटं गरम, दोन सेकंद.

ती अंगठा दाबते आहे— मी नख दाबलंच नाह— बोटं गरम, दोन से